तळहातावरची सास्किया



आत येताना दाराशी तुमच्या प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा दिला आहे. कोणी तो खिशात टाकला असेल, कोणी पर्समध्ये. तो जरा बाहेर काढा. उंची ६ सेंटिमीटरांच्या किंचित वर, रुंदी ५ सेंटिमीटरांच्या किंचित वर. माझं बोलणं संपेपर्यंत तो हातात असू द्या. आज ज्या चित्रांबद्दल बोलायचं आहे, त्यांतलं एक नेमकं एवढंच आहे.

पडदा आणि प्रोजेक्टर मी नको म्हटलं. चित्रावरचं व्याख्यान आणि चित्रच दाखवायचं नाही, हे संयोजकांना पटवायला वेळ लागला. पण तुमच्या हातातल्या त्या तुकड्याएवढं चित्र भिंतीएवढं करून दाखवलं, तर त्याचा जीवच जातो. ते एका वेळी एकाच माणसाने पाहायचं चित्र आहे. मान खाली घालून, श्वास आवरून, पोथी वाचावी तसं.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी हे मला शिकवलं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरामागच्या शेडमध्ये त्यांनी एक हातप्रेस ठेवला होता. शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच मुलं तिथे जमायचो. शाई पुसायला कापड लागायचं. नवं कापड चालत नाही, त्याला खळ असते. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनेरच हवं. ते आज पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, लुगड्यांचं असायचं. काकू काठ वेगळा फाडून काढायच्या, कारण काठाच्या जाड विणीने पत्र्यावर ओरखडा उठतो. मग चौकोनी तुकड्यांची चळत घडी घालून दाराशी ठेवायच्या. आत यायच्या नाहीत. ॲसिडच्या वासाने त्यांना खोकला यायचा.

त्या शेडमध्ये सरांनी मला पहिल्यांदा रेम्ब्रांटचं नाव सांगितलं. म्हणून आज विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. रेम्ब्रांटने आपल्या बायकोची, सास्कियाची, केलेली छापचित्रं. रंगवलेली मोठी चित्रं नव्हेत. ही तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढलेली आणि कागदावर छापलेली, तळहातात मावणारी चित्रं.

आधी ती होतात कशी, ते थोडं सांगतो. हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. तो तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. थर गार झाला की सुईने त्यावर चित्र काढायचं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुई तांबं कोरत नाही. ती फक्त मेण बाजूला सारते. मेणावरून सुई चालवायला जोर लागत नाही, कागदावरून बोरू चालावा तशी ती चालते. मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. जिथे मेण सरलं तिथे ॲसिड तांब्याला चावतं. आमच्या शेडमध्ये हाच शब्द होता, ‘चावलं का?’ जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल आणि काळी, लवकर काढलं तर फिकी. मग मेण काढून टाकायचं, सगळ्या पत्र्याला शाई फासायची आणि ती पुसायची. आधी कापडाने, शेवटी नुसत्या तळहाताने. वरची शाई जाते, रेघेतली राहते. त्यावर ओलसर कागद, कागदावर जाड लोकरी घोंगडं, आणि मग प्रेसचं चाक फिरवायचं. कागद रेघेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. याला म्हणतात एचिंग.

आता विचार करा. दगडात कोरणाऱ्याला वेळ लागतो. तैलरंगात रंगवणाऱ्याला थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. लाकडाच्या ठोकळ्यावर काम करणाऱ्याला प्रत्येक रेघेशी झगडावं लागतं. एचिंग करणाऱ्याचा हात मात्र मोकळा असतो. माणूस झोपलेला असतो तेवढ्या वेळात चित्र होऊ शकतं. आजारी माणूस कुशीवर वळण्याआधी चित्र होऊ शकतं. रेम्ब्रांटने आयुष्यात सुमारे ३०० एचिंग केली, आणि त्यांतली किती तरी हाताने भराभर लिहिलेल्या पत्रासारखी आहेत.

आता सास्किया. ती नेदरलँड्सच्या उत्तरेची, फ्रीसलँडची. लिउवार्डेन गावात १६१२ साली जन्मली. वडील त्या गावचे नगराध्यक्ष राहिलेले, मोठं घराणं. पण आई गेली ती सहा-सात वर्षांची असताना, आणि वडील गेले ती अकरा-बारा वर्षांची असताना. तिचा एक नातेवाईक, हेंड्रिक आउलेनबर्ग, ॲमस्टरडॅममध्ये चित्रांचा व्यापार करायचा, आणि लायडनहून आलेला एका गिरणीवाल्याचा तरुण मुलगा त्याच्याकडे राहून चित्रं करायचा. तोच रेम्ब्रांट. तिथे ओळख झाली असणार. नगराध्यक्षाची मुलगी आणि गिरणीवाल्याचा मुलगा. लग्नाला रेम्ब्रांटच्या आईची संमती कागदावर घेतली गेली तेव्हा त्या माउलीने सहीच्या जागी फुली केली.

१६३३ च्या जूनमध्ये दोघांचं ठरलं. तिसऱ्या दिवशी, ८ जूनला, रेम्ब्रांटने तिचं चित्र काढलं. कागदावर नव्हे, तयार केलेल्या चर्मपत्रावर, चांदीच्या टोकाने. चांदीची रेघ पुसता येत नाही. रुंद काठाची गवती टोपी, टोपीला फुलं, हातात एक फूल, गाल हातावर टेकलेला, आणि चेहऱ्यावर आत्ताच काही तरी ऐकून हसू आवरल्यासारखा भाव. आज ते बर्लिनला आहे. ते छापचित्र नव्हे, पण आपल्या गोष्टीची सुरुवात तेच. खाली त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की ही माझी बायको, एकवीस वर्षांची असताना, आमचं जुळल्याच्या तिसऱ्या दिवशी. लग्न लागायला अजून वर्ष होतं, ते लागलं २२ जून १६३४ ला. पण त्याने आधीच बायको म्हणून टाकलं! आणि त्याने वापरलेला डच शब्द कोणता? ‘हाउसफ्राऊ’. घराची बाई. आपली ‘गृहिणी’च की. आपल्याकडे जुनी माणसं बायकोला ‘घर’ म्हणायची, ‘कुटुंब’ म्हणायची. ‘आमच्या घरून आल्या नाहीत’ म्हणजे बायको आली नाही. अख्ख्या घराला जे नाव, तेच एका माणसाला. पुढची नऊ वर्षं सास्किया रेम्ब्रांटचं तसं घर होती.

या नऊ वर्षांत त्याने तिला रंगवलं किती! १६३४ साली फ्लोरा केलं, म्हणजे रोमनांची फुलांची देवी. १६३५ साली पुन्हा फ्लोरा. कॅसलच्या संग्रहालयात ती लाल मखमली टोपीत आणि दागिन्यांत मढलेली, एका बाजूने पाहिलेली आहे. ड्रेस्डेनच्या चित्रात ती त्याच्या मांडीवर बसली आहे आणि तो मद्याचा पेला उंचावतो आहे. सगळीकडे भरजरी वस्त्रं, मोती, पिसं, फर. ही चित्रं मी पाहतो तेव्हा डोळे दिपतात. पण ती कोण आहे, हे मला कळत नाही. तिथे ती देवी आहे, नटी आहे, नवऱ्याच्या वैभवाची पाटी आहे. लोक बोलतही होते. १६३८ साली सास्कियाच्या माहेरच्या काही नातेवाइकांनी म्हटलं की हिने वडिलांचं सगळं नटण्यामुरडण्यात उडवलं. रेम्ब्रांट चिडला, अब्रूनुकसानीचा दावा लावला, आम्हाला देवाने भरभरून दिलंय असं सांगितलं. दावा टिकला नाही.

मोठ्या कॅनव्हासवर तो तिला सजवत होता. आणि तांब्याच्या पत्र्यावर?

१६३६ चा एक पत्रा आहे. साधारण १० सेंटिमीटर चौरस. नवरा-बायको दोघं एकत्र आहेत असं त्याचं हे एकच एचिंग. पुढे तो स्वतः, मोठा, डोक्यावर तेव्हाच्याही शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीची टोपी, तिच्या काठाची सावली डोळ्यांवर उतरलेली. हातात चित्र काढायचं साधन, समोर कागद. मागे टेबलाशी ती, आकाराने लहान, फिक्या आणि मोकळ्या रेघांत. तो आरशात पाहतो आहे, म्हणून आपल्याकडे पाहतो आहे. तीही आपल्याकडे पाहते. तिच्या अंगावर मोत्यांचा बडेजाव नाही. ती देवी नाही. नवरा कामाला बसलाय आणि ती त्याच टेबलाशी बसली आहे. आपल्या घरांत संध्याकाळी एक जण हिशेब लिहितो आणि दुसरं माणूस शेजारी भाजी निवडतं, तसं.

हे चित्र पाहताना एक तारीख विसरता येत नाही. त्यांचा पहिला मुलगा रोम्बार्टस. डिसेंबर १६३५ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि फेब्रुवारी १६३६ मध्ये त्याला पुरलं. दोन महिन्यांचं बाळ. चित्रात याचा उल्लेख कुठेच नाही. चित्रात फक्त एक टेबल आहे आणि दोन माणसं. पण त्या वर्षी ज्यांच्या घरी पाळणा रिकामा झाला, अशी ती दोन माणसं आहेत.

एका गोष्टीचं मला अनेक वर्षं कोडं होतं. ही इतकी घरगुती चित्रं त्याने छापली का? छापचित्र म्हणजे जाहीर गोष्ट. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, त्या विकल्या जातात, अनोळखी माणसांच्या घरी जातात. बायकोचा असा चेहरा बाजारात? वहीत ठेवला असता तर?

याचं उत्तर मला एका लग्नात सापडलं. उखाणा घ्यायचा आग्रह चालला होता. नवी नवरी लाजली, आणि मग तिने नाव घेतलं. तुम्ही विचार करा, उखाणा ही काय चीज आहे. एरवी जे नाव ओठावर आणायचं नाही, ते भर मांडवात, शंभर माणसांसमोर घ्यायचं. शब्द ठरलेल्या चालीचे, यमक ठरलेलं, सगळ्यांच्या कानावर पडणारं. आणि तरी तिच्या आवाजातला जो एक क्षणाचा कंप असतो, तो फक्त एकाच माणसासाठी असतो. तो बाकीच्यांना ऐकू येतो, पण त्यांचा नसतो. १६३६ च्या त्या पत्र्यावर रेम्ब्रांटने सही केली, साल घातलं आणि बायकोचं नाव घेतलं, असं मला वाटतं.

त्याच वर्षाचा दुसरा पत्रा आहे. त्यावर सहा चेहरे, मधोमध सास्किया. पुढच्या वर्षी, १६३७ च्या सुमारास, एका पत्र्यावर तीन बायका, त्यांतली एक झोपलेली. १६३९ च्या आसपासच्या एका पत्र्यावर अंथरुणाला खिळलेली बाई, आणि बाजूला दुसऱ्याच कसल्या लहान लहान आकृती, जशी शाळेच्या वहीच्या समासात असतात. हे पत्रे पाहिले की एक गोष्ट जाणवते. सास्कियाची चित्रं फ्लोराकडून अंथरुणाकडे सरकत गेली. उभ्या असलेल्या बाईकडून बसलेल्या, बसलेल्याकडून झोपलेल्या, झोपलेल्याकडून आजारी बाईकडे.

कारण घरात काय चाललं होतं? १६३८ मध्ये मुलगी झाली. कॉर्नेलिया, रेम्ब्रांटच्या आईचं नाव. काही आठवड्यांत गेली. १६४० मध्ये पुन्हा मुलगी, पुन्हा तेच नाव. तीही काही आठवड्यांत गेली. मधल्या काळात, १६३९ मध्ये, दोघांनी ब्रेस्ट्रात या रस्त्यावर १३,००० गिल्डरला प्रचंड घर घेतलं. त्याच साली रेम्ब्रांटने एक एचिंग केलं. नटूनथटून निघालेलं एक तरुण जोडपं, बाईच्या हातात फूल, आणि समोरच्या उघड्या थडग्यातून मृत्यू वर आला आहे, हातात वाळूचं घड्याळ घेऊन. ही बाई सास्किया आहे असं मी म्हणणार नाही. पण एकदा फूल हातात घेतलेल्या तरुण मुलीला त्याने चर्मपत्रावर काढलं होतं, आणि सहा वर्षांनी फूल हातात घेतलेल्या तरुण बाईसमोर त्याने थडगं उघडलं. माणूस आपल्या घरात कशाची पावलं ऐकत होता, हे यावरून कळतं.

सप्टेंबर १६४१ मध्ये टायटस झाला. हे मूल जगलं. आई मात्र बाळंतपणातून उठली नाही.

आता हातातला तुकडा पाहा.

६१ मिलिमीटर उंच, ५१ मिलिमीटर रुंद. १६४१ किंवा १६४२ मधलं. डोक्यावर मोठं पांढरं वस्त्र गुंडाळलेली आजारी बाई. ती सास्कियाच असं मानतात. चित्रावर तिचं नाव नाही. त्याची सही नाही. साल नाही. ८ जून १६३३ ला ज्याने वय लिहिलं, नातं लिहिलं, कितवा दिवस ते लिहिलं, त्याला इथे काहीच लिहावंसं वाटलं नाही.

डोक्यावरचं ते पांढरं वस्त्र कशाचं आहे? कागदाचं. तिथे जवळजवळ रेघच नाही. ज्या जागेवर हात चालला नाही, तिथे कापड झालं. चेहऱ्यावर मात्र रेघा जवळ जवळ आल्या आहेत. गाल ओढलेला, डोळे जड, पापण्या उघड्या ठेवायलाही कष्ट पडावेत तशा. काही रेघा त्याने ॲसिडवर न सोडता सुईने थेट तांब्यात खरवडल्या आहेत. याला ड्रायपॉइंट म्हणतात. असं खरवडलं की रेघेच्या काठाला तांब्याची बारीक कड उठते, नांगराच्या तासाशेजारी माती उठते तशी. त्या कडेत शाई धरून राहते आणि छापताना रेघ मऊ, लवदार येते. पण ही कड फार टिकत नाही. प्रेसखाली थोड्या प्रती निघाल्या की दबते, झिजते. मऊपणा सर्वांत आधी जातो.

मी पूर्वी समजायचो, प्रेमाचं चित्र म्हणजे प्रिय माणूस सुंदर दिसेल असं चित्र. ज्याच्या हातात एवढी कला, त्याने तिचे गाल भरून काढले असते, कोणी विचारलं असतं? फ्लोरा करताना त्याने हात आखडता घेतला नव्हता. मग इथे का भरले नाहीत? कारण तिला सजवायचं म्हणजे तिला उठवायचं. तिला बसायला सांगायचं, मान वर करायला सांगायचं, जरा हस म्हणायचं. त्याने काहीच सांगितलं नाही. त्या बाईमध्ये चित्रासाठी बसण्याची ताकद नव्हती, म्हणून चित्र तिच्याजवळ गेलं. पत्रा एवढा लहान का? तो मांडीवर ठेवून, अंथरुणाशी बसून, एका हाताने काम करता येतं म्हणून, असं मला नेहमी वाटतं. तुमच्यापैकी ज्यांनी आजारी माणसाच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, त्यांना मी काय सांगू? तिथे करण्यासारखं काही उरत नाही. पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, पांघरूण सारखं करायचं, आणि बसायचं. बसून पाहायचं. श्वास चाललाय ना, पाहायचं. रेम्ब्रांटचा हात तेवढ्यात चालत होता.

आणि याच महिन्यांत, मित्रहो, तो ‘नाइट वॉच’ संपवत होता. साडेतीन मीटरांहून उंच, सव्वाचार मीटरांहून रुंद, बंदुका, भाले, नगारा, झेंडा, नगररक्षकांची अख्खी तुकडी. त्या चित्रावरही साल आहे १६४२. एका बाजूला नगररक्षकांनी दिलेलं भिंतीएवढं काम, दुसऱ्या बाजूला हा तुमच्या हातातला तुकडा. दोन्ही एकाच हाताचं. जग पहिल्यासाठी रांगा लावतं, आणि लावाव्यात. माझी विनंती एवढीच, की रांगेतून बाहेर आलात की एकदा छापचित्रांचं दालन विचारा.

आतापर्यंत मी फक्त त्याने तिला कसं पाहिलं, ते सांगितलं. पण तिने त्याला कसं पाहिलं? सास्कियाचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. पोचला आहे तो एक कागद. ५ जून १६४२. ती अंथरुणावर आहे. तिने मृत्युपत्र सांगितलं. संपत्तीतला आपला अर्धा वाटा टायटसला. त्याचा उपभोग रेम्ब्रांटने घ्यावा, तो पुन्हा लग्न करेपर्यंत किंवा मरेपर्यंत. इथवर कोणीही लिहिलं असतं. पण पुढचं कलम वाचा. त्या काळी ॲमस्टरडॅममध्ये आई किंवा बाप गेला की पोरक्या मुलाच्या वाट्यावर नजर ठेवायला एक सरकारी कचेरी असे. घरातल्या वस्तूंची यादी करून तिथे द्यावी लागे. सास्कियाने सांगितलं, कचेरीने मध्ये पडू नये, आणि माझ्या नवऱ्याकडून यादी मागू नये. ज्या बाईच्या नातेवाइकांनी चार वर्षांपूर्वी पैशावरून बोट दाखवलं होतं, ती मरणाच्या नऊ दिवस आधी सांगते, माझ्या माणसाला हिशेब विचारू नका. त्याने तिचे चेहरे काढले. तिने त्याचा काढलेला एकच चेहरा आपल्याकडे आहे, आणि तो या कलमात आहे.

१४ जूनला ती गेली. एकोणतिसाव्या वर्षी. ॲमस्टरडॅमच्या आउडे केर्क या जुन्या चर्चमध्ये तिला पुरलं.

इथे थांबलो तर गोष्ट गोड राहील. पण सरांच्या नावाच्या व्यासपीठावरून अर्धी गोष्ट सांगून जाता येणार नाही.

लहानग्या टायटसला सांभाळायला खीर्त्ये डिर्क्स नावाची विधवा घरात आली. पुढे ती रेम्ब्रांटबरोबर राहू लागली. त्याने तिला सास्कियाचे दागिने दिले. १६४६ चं त्याचं एक एचिंग आहे, पलंगावरचं एक जोडपं, अगदी खाजगी क्षण. त्या चित्रातल्या बाईला तीन हात आहेत. एक डावा हात गादीवर निवांत पडलेला, आणि नंतर काढलेला दुसरा डावा हात पुरुषाच्या अंगाभोवती. पहिला त्याने पुसला नाही. १६४९ मध्ये खीर्त्येने विवाहविषयक न्यायमंडळाकडे तक्रार केली की याने मला लग्नाचं वचन दिलं होतं. मंडळाने त्याला वर्षाला २०० गिल्डर द्यायला लावले. आणि १६५० मध्ये, रेम्ब्रांटच्या खटपटीने, खीर्त्येला खाउडा गावच्या सुधारगृहात, खरं म्हणजे बायकांच्या तुरुंगात, डांबलं गेलं. शिक्षा १२ वर्षांची. तिच्या मैत्रिणी धडपडल्या म्हणून ती १६५५ मध्ये सुटली. त्याने सुटकेलाही विरोध केला होता.

तोच हात, तीच नजर. एका बाईच्या पापण्यांचं ओझं ज्याला कळलं, त्याला दुसऱ्या बाईचं दुःख का कळलं नाही? मी याचं समर्थन करणार नाही. कलावंत असाच असायचा, असं म्हणून हात झटकणंही मला मंजूर नाही. खीर्त्येवर अन्याय झाला. आणि सास्कियाची ती चित्रं खरी आहेत. ही दोन्ही वाक्यं मी एकाच श्वासात म्हणतो, कारण दोन्ही त्याच माणसाची आहेत. एका माणसावर केलेलं प्रेम आपोआप दुसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही, हे आपण आपल्याही घरांत पाहिलेलं आहे.

सास्कियाने नको म्हटलेली ती यादी अखेर झाली. १६४७ मध्ये तिच्या नातेवाइकांच्या मागणीवरून तिच्या मरणाच्या वेळच्या मालमत्तेची किंमत सांगावी लागली, ४०,७५० गिल्डर. आणि १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं, तेव्हा माणसं घरात शिरली आणि खोलीखोलीतून एकेक वस्तू लिहून घेत गेली. ३६३ नोंदी. ज्या घरात सास्किया आजारी पडून होती, तेच घर. घर विकलं गेलं. १६६२ मध्ये त्याने तिच्या थडग्याची जागाही विकली. पुन्हा लग्न मात्र त्याने केलं नाही. हेंड्रिक्ये स्टोफेल्सबरोबर अनेक वर्षं संसार केला, मुलगी झाली, तिचंही नाव कॉर्नेलिया. लग्न नाही. त्यामागे मृत्युपत्रातली अट होती, पैशाची ओढाताण होती. कारण काहीही असो, ज्या शब्दाने त्याने १६३३ मध्ये एका मुलीला हाक मारली होती, तो शब्द त्याने कायद्याने दुसऱ्या कोणाला दिला नाही.

एक लहानसा धागा आपल्या किनाऱ्याचाही आहे. १६४७ च्या सुमारापासून रेम्ब्रांट जपानी कागदावर छापू लागला, किंचित पिवळसर, शाई हळुवार धरणारा कागद. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तिचे पडके अवशेष आजही आहेत. पुढे त्याच आशियाई कागदावर रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रांवरून रेखाटनं केली. शाहजहान काढला. बायकोच्या आठवणीत संगमरवरी इमारत उभी करणाऱ्याचा चेहरा त्याच्या हाताखालून गेला.

आउडे केर्कमध्ये दर वर्षी ९ मार्चच्या सुमारास, सकाळी, खिडकीतून आलेलं ऊन थोडा वेळ सास्कियाच्या दगडावर पडतं. लोक त्यासाठी जमतात. दगडावर तिचं नाव आहे.

काकू, जाता जाता एक सांगायचं आहे. गेल्या महिन्यात तुम्ही सरांची काही छापचित्रं माझ्याकडे दिलीत. नदीचा घाट, शाळेमागचं चिंचेचं झाड, बाजारातला लोहार. सरांनी तुमचं चित्र कधी केलं नाही, हे तुम्ही त्या दिवशी हसत सांगितलंत. मी घरी गेलो, भिंग घेतलं, आणि घाटाच्या चित्रात, उजव्या कोपऱ्यात, जिथे नुसतं आकाश आहे, तिथे पाहत बसलो. सर पत्रा पूर्ण स्वच्छ पुसायचे नाहीत, आकाशात शाईची थोडी धुरकट छटा ठेवायचे. त्या छटेत कापड फिरल्याच्या खुणा आहेत. मऊ, जवळ जवळ, डावीकडून उजवीकडे. काठ नसलेल्या कापडाच्या. चिंचेच्या झाडाच्या चित्रातही आहेत. लोहाराच्या चित्रात त्या त्याच्या खांद्यावरून भट्टीच्या धुरात गेल्या आहेत.

ती चित्रं बाहेरच्या दालनात टेबलावर ठेवली आहेत. शेजारी भिंग आहे. एका वेळी एकानेच पाहा.